हेलोइझचं लग्न आणि तीन ग्रीक

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्याने विचारलं होतं: मध्ययुगातल्या ख्रिस्ती विचारवंतांनी ग्रीक तत्त्वज्ञान घेतलं, म्हणजे ॲरिस्टॉटलच्या डोक्यावर पवित्र पाणी शिंपडलं, एवढंच ना? प्रश्न गमतीत होता, पण बऱ्याच पुस्तकांत हेच गंभीर चेहऱ्याने लिहिलेलं असतं. म्हणून आज एकच विषय घेऊ या, लग्नाचा. तिथे ही देवघेव नेमकी कशी झाली ते बघू.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. 'ग्रीकांचं लग्नाविषयीचं मत' अशी काही एक वस्तू नव्हतीच. ग्रीकांचं या विषयावर आपसात भांडण होतं, आणि मध्ययुगाच्या वाट्याला ते भांडणच आलं. कोणाच्या हाती कोणतं पुस्तक पडलं, आणि त्यातलं कोणतं पान कोणी उघडलं, यावर पुढचं सगळं ठरलं. आज आपल्याला तीन ग्रीक लागतील: थिओफ्रास्टस, अस्पाशिया आणि ॲरिस्टॉटल. तिघंही अथेन्समध्ये राहिली आणि तिघंही मूळची अथेन्सची नव्हती, बाहेरून आलेली होती. अस्पाशिया तर मिलेटसची. अथेन्सच्या नागरिकत्वाच्या कायद्यामुळे पेरिक्लीसशी तिचं कायदेशीर लग्न होऊच शकत नव्हतं. लग्नावर बोलायचा अधिकार तिला जरा जास्तच होता असं मी म्हणेन.

आधी थिओफ्रास्टस, कारण मध्ययुगात तो सगळ्यात आधी आणि सगळ्यात जोरात पोचला. हा ॲरिस्टॉटलचा शिष्य, आणि त्याच्यानंतर लायसियमचा प्रमुख. त्याचं लग्नाविषयीचं लिखाण ग्रीकमध्ये आज नाही. ते आपल्याला माहीत आहे ते फक्त संत जेरोममुळे. साधारण इ. स. ३९३ मध्ये जेरोमने जोव्हिनियन नावाच्या एका साधूविरुद्ध ग्रंथ लिहिला. जोव्हिनियनचं म्हणणं होतं की, विवाहित माणूस आणि ब्रह्मचारी यांच्या पुण्यात फरक नाही. हे खोडून काढण्यासाठी जेरोमने बायबल तर वापरलंच, पण शेवटी त्याने हा ग्रीक साक्षीदार उभा केला.

थिओफ्रास्टसचा सवाल असा: शहाण्या माणसाने लग्न करावं का? उत्तराची सुरुवात तशी सौम्य आहे. मुलगी देखणी, चांगल्या स्वभावाची, चांगल्या घरातली असेल आणि आपण स्वतः धडधाकट आणि पैसेवाले असू, तर करायला हरकत नाही. पण या सगळ्या गोष्टी एकत्र येतात कुठे? तेव्हा नको. मग कारणं येतात. बायको आणि ग्रंथ, दोघांची चाकरी एकाच वेळी होत नाही. कपडे हवेत, दागिने हवेत, रात्रभर गाऱ्हाणी: अमकी माझ्यापेक्षा चांगलं नेसून बाहेर पडते, तू शेजारणीकडे का बघत होतास. घर सांभाळायला विश्वासू नोकर बरा. वारस हवा तर मित्र बरे, निदान ते आपण निवडलेले असतात. आणि सगळ्यात झोंबणारा मुद्दा: घोडा, गाढव, कपडा, साधं मडकं घेतानाही माणूस ठोकून-वाजवून बघतो. बायको तेवढी आधी बघायला मिळत नाही.

हे मडकं लक्षात ठेवा, ते परत लागणार आहे.

बघा, काय झालं इथे? थिओफ्रास्टसला ब्रह्मचर्याचं पुण्य-बिण्य काही नको होतं. त्याला अभ्यासासाठी निवांतपणा हवा होता. जेरोमने तो निवांतपणा उचलला आणि मठात नेऊन ठेवला. त्या काळातही रोममध्ये हे फार झालं असं लोकांना वाटलं होतं. जेरोमचाच मित्र पामाकियस याने ग्रंथाच्या प्रती परत गोळा करण्याचा प्रयत्न केला, पण एव्हाना त्या पसरल्या होत्या. बाराव्या शतकापर्यंत हा उतारा पाठ असल्यासारखा फिरत होता. जॉन ऑफ सॉल्सबरीने ११५९ च्या आपल्या ग्रंथात तो घेतला. पुढे चॉसरच्या बाथच्या बाईचा पाचवा नवरा रोज रात्री ज्या पुस्तकातून तिला बायकांची निंदा वाचून दाखवतो, त्यातही थिओफ्रास्टस आहे. बाईने त्या पुस्तकाची पानं फाडली हे तुम्हाला आठवत असेल.

आता हेलोइझकडे येऊ. गोष्ट माहितीची आहे, म्हणून थोडक्यात सांगते. पॅरिसमधला नामवंत शिक्षक आबेलार, त्याची विद्यार्थिनी हेलोइझ, मूल झालं, आणि तिच्या काकाची समजूत काढायला आबेलारने गुपचूप लग्नाची तयारी दाखवली. लग्नाला विरोध केला तो हेलोइझनेच. लग्न तरी झालं. पुढे काकाच्या माणसांनी आबेलारवर हल्ला करून त्याला नपुंसक केलं, आणि दोघंही मठात गेली.

हेलोइझचा विरोध आपल्यापर्यंत दोन वाटांनी येतो, आणि सगळी मेख इथेच आहे. पहिली वाट आबेलारची. साधारण ११३२ मध्ये त्याने आपल्या आपत्तींची हकीकत पत्ररूपाने लिहिली. त्यात तो सांगतो की, हेलोइझने मला असं-असं म्हणून थांबवलं. आणि ती काय म्हणते? थिओफ्रास्टसचा दाखला देते! जेरोमने सांगितलेला सॉक्रेटिस आणि झांटिपीचा किस्सा सांगते. लेखनाचं मेज आणि पाळणा एका खोलीत कसे राहणार, पोरं रडत असताना तत्त्वचिंतन कसं होणार, श्रीमंताला ते जमतं, तत्त्वज्ञाला नाही, असं सगळं. युक्तिवाद खणखणीत आहे. आणि तो संपूर्ण आबेलारच्या सोयीचा आहे. त्यात तत्त्वज्ञ एकच, आबेलार. हेलोइझ ही त्याच्या वाटेतली संभाव्य अडचण.

दुसरी वाट म्हणजे हेलोइझचं स्वतःचं पत्र. आबेलारची हकीकत तिच्या हाती पडली आणि तिने उत्तर लिहिलं. (या पत्रांच्या अस्सलपणावर अभ्यासकांत मोठे वाद झाले. पत्रं तिचीच, असं मानून मी पुढे जाते.) त्यात ती सरळ तक्रार करते: तू माझी काही कारणं लिहिलीस, पण मुख्य कारण गाळलंस. मला बंधनापेक्षा मोकळीक आणि लग्नापेक्षा प्रेम मोलाचं वाटत होतं, ते तू कुठे सांगितलंस? आणि इथे तिला दाखला हवा असतो तेव्हा ती थिओफ्रास्टसकडे जातच नाही. ती अस्पाशियाकडे जाते.

हा दाखला तिला मिळाला कुठे? सॉक्रेटिसचा एक शिष्य होता ईस्किनीज. त्याने अस्पाशियावर एक संवाद लिहिला होता. तो हरवला. पण त्यातला एक तुकडा सिसेरोने वक्तृत्वाच्या आपल्या पाठ्यपुस्तकात घेतला, आणि ते पुस्तक मध्ययुगात प्रत्येक शाळेत चालत असे. तुकडा असा आहे. झेनोफोन आणि त्याची बायको समोर बसलेत. अस्पाशिया बायकोला विचारते, शेजारणीचं सोनं तुझ्यापेक्षा चांगलं असेल तर तुला कुठलं हवं? तिचं. कपडे? तिचे. मग तिचा नवरा तुझ्या नवऱ्यापेक्षा चांगला असला तर? बाई लाजून गप्प. मग झेनोफोनला तेच: शेजाऱ्याचा घोडा, शेत, आणि बायको. तोही गप्प. तेव्हा अस्पाशिया म्हणते की, दोघांनाही सगळ्यात उत्तम जोडीदार हवा आहे हे उघड आहे. मग तुमच्याहून चांगला पुरुष आणि तुमच्याहून चांगली स्त्री जगात नाही, असं तुम्ही दोघांनी घडवून आणलं नाहीत, तर तुमचा शोध कधी थांबणारच नाही.

आठवलं मडकं? दोन्हीकडे दाखला बाजाराचाच आहे. थिओफ्रास्टस म्हणतो, माल वाजवून बघता येत नाही, तेव्हा घेऊ नका. तो फक्त गिऱ्हाइकाशी बोलतो, आणि गिऱ्हाईक नेहमी पुरुष. अस्पाशिया दोघांनाही आधी गिऱ्हाईक करते, मग दोघांनाही माल करते, आणि मग बाजारच मोडून टाकते. कारण तिचा शेवटचा मुद्दा निवडीचा उरत नाही, होण्याचा होतो. तू उत्तम हो, म्हणजे समोरच्याचा शोध संपेल. ही जबाबदारी दोघांवर सारखी आहे. प्राचीन ग्रीक साहित्यात नवरा-बायकोंना एकाच मापाने मोजणारी अशी जागा मला तरी सहज सापडत नाही.

सिसेरोने हा तुकडा कशासाठी घेतला होता? उदाहरणावरून नियमाकडे कसं जायचं, त्याचा नमुना म्हणून. शाळेत पिढ्यानपिढ्या पोरांनी तो तसाच घोकला, आपण व्याकरणाच्या पुस्तकातली वाक्यं घोकायचो तसा. राम आंबा खातो, पण आंबा कोणता, गोड होता का, कोणी विचारतं का? हेलोइझने विचारलं. तिने तो लग्नाविषयीचा विचार म्हणून वाचला, आणि हे नुसतं तत्त्वज्ञान नाही, शहाणपण आहे असं म्हटलं. मग त्यावर स्वतःची एक भर घातली, आणि ती भर मला मूळ तुकड्याइतकीच महत्त्वाची वाटते. आपलाच नवरा सगळ्यांत चांगला असं बायकांना वाटतं, तो बहुतेक वेळा भ्रम असतो, पण लग्न टिकवणारा पवित्र भ्रम असतो. माझ्या बाबतीत तो भ्रम नव्हता, ती म्हणते; सगळ्या जगाला ते माहीत होतं. यात अभिमान आहे आणि दुखावलेपणही आहे. कारण पत्राची खरी तक्रार वेगळीच आहे: तू मला इतकी वर्षं दोन ओळी का लिहिल्या नाहीस?

म्हणजे पुरुषाने सांगितलेल्या हेलोइझच्या तोंडी थिओफ्रास्टस आहे, आणि तिच्या स्वतःच्या लेखणीत अस्पाशिया. पुढच्या परंपरेने कोणती हेलोइझ उचलली असेल, ओळखा. तेराव्या शतकात झां द मं याने 'रोमान द ला रोझ' पूर्ण केलं. त्यात एक संशयी नवरा बायकांच्या नावाने ओरडतो. तो थिओफ्रास्टसचं नाव घेतो, आणि लगेच पुढे हेलोइझचंही! बघा, एका शहाण्या बाईनेच सांगून ठेवलंय की लग्न करू नका. याच झां द मंने हेलोइझची पत्रं फ्रेंचमध्ये आणली, म्हणजे त्याने पूर्ण वाचली होती. त्याला अस्पाशिया दिसली नसेल असं म्हणता येत नाही.

आता तिसरा ग्रीक. हेलोइझने पत्र लिहिलं तेव्हा ॲरिस्टॉटलचं नीतिशास्त्र लॅटिनमध्ये यायचंच होतं. बाराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून सुरुवातीचे काही भाग फिरू लागले. पूर्ण ग्रंथ आला तो लिंकनचा बिशप रॉबर्ट ग्रोसटेस्ट याच्या भाषांतरातून, १२४६-४७ च्या सुमारास. यातल्या आठव्या आणि नवव्या पुस्तकांचा विषय आहे मैत्री. आठव्यात ॲरिस्टॉटल म्हणतो की, नवरा-बायकोतली मैत्री निसर्गतःच असते. माणूस हा नगरात राहणारा प्राणी खरा, पण त्याही आधी तो जोडीने राहणारा प्राणी आहे. इतर प्राणी पिल्लांपुरते एकत्र येतात, माणसं मात्र सगळ्या जगण्यासाठी. त्यात उपयोग असतो, सुख असतं, आणि दोघं चांगली असली तर एकमेकांच्या चांगुलपणावरची मैत्रीही असू शकते.

इथे भाषांतराची एक गंमत सांगायला हवी. ग्रीकमध्ये शब्द आहे तो 'जोडी करणारा' अशा अर्थाचा. ग्रोसटेस्टने लॅटिनमध्ये लिहिलं 'कोन्युगाले', म्हणजे वैवाहिक. जोडी करणारा प्राणी एका शब्दात लग्न करणारा प्राणी झाला. अर्थात ग्रीकमध्ये पुरुष आणि नवरा, स्त्री आणि बायको यांना शब्द एकच असतो, त्यामुळे भाषांतर चूक म्हणता येणार नाही. आपल्याकडे नाही का, 'बायका' म्हटलं की स्त्रिया की पत्नी ते संदर्भावरून कळतं. पण परिणाम मोठा झाला. लग्न हे नैसर्गिक आहे का, हा प्रश्न आला की खुद्द ॲरिस्टॉटलच्या तोंडून उत्तर तयार मिळू लागलं.

कोलोन शहरात १२५० ते १२५२ या काळात अल्बर्ट द ग्रेट याने या नव्या भाषांतरावर व्याख्यानं दिली. ती उतरवून घेणारा विद्यार्थी होता थॉमस अक्वायनस. आपल्या मालिकेची व्याख्यानं जी मंडळी शब्दांकित करतात, त्यांनी हे मनावर घ्यायला हरकत नाही.

थॉमसने आठव्या पुस्तकाचं काय केलं, ते 'सुम्मा कोंत्रा जेंतिलेस' या १२५९ ते १२६५ च्या सुमाराच्या ग्रंथात दिसतं. तिसऱ्या भागातली १२३ आणि १२४ ही प्रकरणं बघा. नवरा-बायकोत सर्वांत मोठी मैत्री असते, असं तो म्हणतो. ॲरिस्टॉटल इतकं म्हणत नाही. त्याच्या लेखी सर्वांत पूर्ण मैत्री समान गुणांच्या चांगल्या माणसांची. नवरा-बायकोची मैत्री ही वरच्या-खालच्यातली, तिथे जो श्रेष्ठ त्याला प्रेमही जास्त मिळायला हवं. थॉमस ही पायरी ओलांडतो. आणि मग त्या मैत्रीला कामाला लावतो. सर्वांत मोठी मैत्री सर्वांत टिकाऊ हवी, म्हणून काडीमोड नको. बाईचं तारुण्य असताना लग्न करायचं आणि वय झाल्यावर घालवून द्यायचं, हा अन्याय आहे. आणि एका पुरुषाला अनेक बायका का नकोत? कारण मैत्री म्हणजे बरोबरी. बाईला अनेक नवरे चालत नाहीत आणि पुरुषाला अनेक बायका चालतात, असं असेल तर ती मैत्री मोकळी राहणार नाही, चाकरीसारखी होईल. जिथे अनेक बायका असतात तिथे त्यांना मोलकरणीसारखं वागवतात, हे अनुभवाने दिसतं, असंही तो जोडतो.

थिओफ्रास्टसने मित्र आणि बायको यांना तराजूच्या दोन पारड्यांत घातलं होतं. थॉमसने बायकोलाच सर्वांत मोठा मित्र केलं. हे पाणी शिंपडणं नव्हे. ग्रीक कल्पना घेऊन तिला तिच्या जनकाने नेलं नव्हतं तिथे नेणं आहे, आणि त्याचं श्रेय मी थॉमसला पूर्ण देते.

पण मग तो कचरतो. त्याच १२३ व्या प्रकरणात तो म्हणतो की, स्त्रीला पुरुषाची गरज प्रजननासाठी तर असतेच, शिवाय तिच्यावर देखरेख करायला असते, कारण त्याची बुद्धी अधिक पूर्ण. आणि काडीमोडाविरुद्धचा त्याचा युक्तिवाद ऐका: बायको नवऱ्याच्या ताब्यात असल्यामुळे तिला त्याला सोडता येत नाही, मग त्याला तिला सोडता आलं, तर ते बरोबरीचं नातं न राहता गुलामी होईल. म्हणजे बरोबरी राखायची ती कशी, तर तिला नसलेला हक्क त्यालाही नाकारून. ती ताब्यात का, हा प्रश्न मात्र विचारायचा नाही. मोठ्या ग्रंथात, सुम्मा थिओलॉजिएत, तर दोन कलमं शेजारी शेजारी आहेत. पहिल्यात तो म्हणतो, स्त्री ही मदतनीस फक्त प्रजननापुरती, कारण बाकी कुठल्याही कामात पुरुषाला दुसरा पुरुषच जास्त उपयोगी. हा मुद्दा ऑगस्टिनचा. लगेच दुसऱ्यात ॲरिस्टॉटलचा हवाला देऊन म्हणतो, माणसांत स्त्री-पुरुष केवळ प्रजननासाठी नाही, तर घरच्या सामायिक जगण्यासाठी एकत्र येतात. शेजारच्या दोन खोल्यांत दोन वेगळे भाडेकरू असावेत तसं. भिंत पाडायची त्याला गरज वाटली नाही.

आणि अस्पाशियाचा तुकडा हाताशी होता, शाळेच्या पुस्तकात. बरोबरीच्या मैत्रीचा मुद्दा शेवटापर्यंत न्यायला लागणारा दाखला तो होता. तिथून तो कोणी उचलला नाही, कारण तो उदाहरणांच्या खणात पडलेला होता.

हाती कोणतं पुस्तक पडतं, याबद्दल मी सुरुवातीला बोलले. त्याचा पुरावा लॅटिन जगाच्या बाहेरही आहे. बाराव्या शतकात अंदालुसियात इब्न रुश्दला ॲरिस्टॉटलचं 'राजकारण' मिळालंच नाही, तसं तो सांगतो. म्हणून त्याने प्लेटोच्या 'रिपब्लिक'वर भाष्य केलं. त्यामुळे घराचा प्रमुख कोण, या प्रश्नाऐवजी त्याच्यासमोर प्लेटोचा प्रश्न आला: बायकांना राज्यकारभार का नको? त्याचं उत्तर धारदार आहे. आमच्या शहरांत बायकांना नुसतं मुलं आणि नवरा यांत गुंतवल्याने त्या झाडा-झुडपांसारख्या झाल्या आहेत, आणि गरिबीचं हेही एक कारण आहे. पूर्वेकडे तेराव्या शतकात नासिरुद्दीन तुसीने फारसीत नीतिशास्त्र लिहिलं, तेव्हा गृहव्यवस्थेसाठी त्याच्यापुढे ब्रायसन नावाच्या एका ग्रीकाची पुस्तिका होती. तिथे बायको म्हणजे मालमत्तेतली भागीदार आणि नवऱ्याच्या गैरहजेरीत घर बघणारी प्रतिनिधी. मैत्रीपेक्षा कारभार जास्त. तुसीचं हे पुस्तक अकबराला वाचून दाखवत असत, असं अबुल फजल लिहितो. म्हणजे लग्नाविषयीचा एक ग्रीक विचार फारसीतून फत्तेपूर सिक्रीपर्यंत आला होता. त्यावर वेगळं बोलायला हवं, आज नाही.

शेवटी पंधराव्या शतकातल्या दोन माणसांची नावं घेते. पहिली क्रिस्तीन द पिझां. १४०५ च्या 'स्त्रियांचं नगर' या पुस्तकात ती थिओफ्रास्टसचं नाव घेऊन विचारते, बायकोपेक्षा नोकर जास्त जिव्हाळ्याने सेवा करतो हे खरं का? उत्तरादाखल ती ज्या बायका उभ्या करते, त्यांत झांटिपी आहे. हो, तीच. जेरोमने जिला नवऱ्याच्या डोक्यावर घाण पाणी ओतणारी म्हणून अमर केली, ती इथे सॉक्रेटिसच्या हातातला विषाचा पेला हिसकावून घेते.

दुसरा लिओनार्दो ब्रूनी. बोकाचिओने दान्तेचं चरित्र लिहिताना थिओफ्रास्टसचीच री ओढली होती: बायको ही अभ्यासाची शत्रू. १४३६ मध्ये ब्रूनीने दान्तेचं दुसरं चरित्र लिहिलं आणि बोकाचिओला झापलं. सॉक्रेटिसला बायको-मुलं होती, ॲरिस्टॉटलने तर संसार केला, आणि नवरा-बायकोचं नातं हे समाजातलं पहिलं नातं, त्याच्याशिवाय नगर उभं राहत नाही. शिष्याला उत्तर द्यायला ब्रूनीने गुरूला उभं केलं, असंच म्हणायला हवं. या वादात अस्पाशियाला कोणी बोलावलं नाही.

बरं, पाऊण तास होऊन गेला. प्रश्न घेऊ या. मागच्या रांगेतून कोणीतरी हात वर केलाय, आधी त्यांना माईक द्या.